लेक्चर समजतं, पण गणित सुटत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. शाळेत गणित-विज्ञानात कायम पुढे. आता लेक्चरला सगळं कळल्यासारखं वाटतं, पण ट्युटोरियलची शीट समोर आली की पहिली ओळही सुचत नाही. उत्तर बघितलं की 'हात्तिच्या, एवढंच होतं' असं होतं आणि पुढच्या गणिताला पुन्हा तीच गत. प्रॅक्टिकलचे रिपोर्ट लाल शेऱ्यांनी भरून परत येतात. रोज चार-चार तास वाचूनही हे असं का?

कारण तुम्ही वाचताय. शिक्षक फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा त्यातले अवघड निर्णय त्यांनी आधीच घेतलेले असतात: कोणती वस्तू वेगळी काढायची, मोमेंट (बलाचा फिरवण्याचा परिणाम: बल गुणिले अंतर) कोणत्या बिंदूभोवती घ्यायचा, काय सोडून द्यायचं. तुमच्यासमोर येतं ते त्यानंतरचं बीजगणित, आणि ते शाळेपासून येतंच. त्यामुळे समजल्यासारखं वाटतं. शीटवर मात्र नेमके ते पहिले निर्णय तुम्हाला घ्यायचे असतात, आणि त्यांचा सराव तुमच्या हाताला झालेलाच नसतो.

एक शिडी घेऊ. लांबी ५ मीटर, वजन २०० न्यूटन, वजन मधोमध. भिंत गुळगुळीत, जमीन खरखरीत, जमिनीचा घर्षणगुणांक ०.५. शिडीचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर, म्हणजे वरचं टोक ४ मीटर उंचीवर. पायाशी घर्षण किती?

वर्गातले निम्मे तरी लगेच लिहितात: ०.५ गुणिले २००, म्हणजे १०० न्यूटन. चूक. शिडी सरकत नाहीये. घर्षण १०० न्यूटनपर्यंत जाऊ शकतं, पण लागतं तेवढंच येतं. शिडी एकटी कागदावर काढा. वर भिंतीचा आडवा दाब, मध्ये वजन, खाली जमिनीचा उभा दाब आणि घर्षण. मोमेंट पायाभोवती घ्या, म्हणजे खालची दोन्ही अज्ञात बलं समीकरणातून आपोआप गळतात. भिंतीचा दाब गुणिले ४ = २०० गुणिले १.५. दाब ७५ न्यूटन. आडव्या दिशेत दुसरं काहीच नाही, म्हणून घर्षणही ७५. सूत्रातून आलेले १०० धरले असते तर शिडीवर २५ न्यूटनचं शिल्लक बल राहिलं असतं आणि ती स्वतःहून भिंतीकडे सरकायला लागली असती.

आता त्याच शिडीवर ७०० न्यूटन वजनाचा माणूस चढवा आणि लांबीच्या तीन चतुर्थांशावर थांबवा. पायापासून त्याचं आडवं अंतर २.२५ मीटर. भिंतीचा दाब होतो (३०० + १५७५) भागिले ४, म्हणजे साधारण ४६९ न्यूटन. जमिनीचा उभा दाब ९००, त्यामुळे घर्षणाची कमाल ४५०. लागतात ४६९, मिळतात ४५०. शिडी सरकली. नेमकी कुठे सरकते ते काढायचं असेल तरच घर्षण कमाल धरायचं: ४५० गुणिले ४ = ३०० + ७०० गुणिले आडवं अंतर. अंतर २.१४ मीटर, म्हणजे शिडीवरून सुमारे ३.५७ मीटर वर चढल्यावर. 'सरकण्याच्या बेतात' हे शब्द गणितात असतील तेव्हाच गुणाकाराचं सूत्र, एरवी समतोलाची समीकरणं. या एका फरकावर स्टॅटिक्समधले (स्थिर वस्तूंवरच्या बलांचा विषय) भरपूर मार्क जातात.

शिडीची काढली तशी एकट्या वस्तूवरच्या सगळ्या बलांची आकृती, म्हणजे फ्री बॉडी डायग्राम, काढताना काही सवयी पहिल्या आठवड्यापासून हाताला लावा. पुस्तकातल्या चित्रावर बाण मारू नका, वस्तू कोऱ्या जागेवर वेगळी काढा. तिची बाह्यरेषा काढून झाली की पेन्सिल त्या रेषेवरून फिरवा आणि जिथे जिथे दुसरी वस्तू चिकटलेली होती तिथे थांबून विचारा: इथे काय ढकलतंय, काय ओढतंय? शेवटी वजन. अक्ष आणि धन दिशा चित्रावरच लिहा. मग अज्ञातं मोजा. एका प्रतलातल्या एका वस्तूसाठी स्वतंत्र समीकरणं तीनच मिळतात. अज्ञातं चार असतील तर आणखी एखादी वस्तू वेगळी काढावी लागेल, नाहीतर ते काम एकट्या समतोलाचं नाही, तिथे वस्तू किती ताणते-वाकते याचा, म्हणजे विकृतीचा, विचार लागेल. हे मोजणं अर्ध्या मिनिटाचं आहे, पण ते न केल्यामुळे तीन-तीन पानं बीजगणित करून शेवटी शून्य = शून्य आलेल्या वह्या दर वर्षी दिसतात.

ही आकृती परीक्षेपुरती आहे असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलचं प्रकरण पाहा. तिथे लॉबीवरून जाणारे दोन पादचारी पूल एकाखाली एक टांगलेले होते. मूळ नकाशात छतापासून खालच्या पुलापर्यंत एकच सलग सळी होती आणि दोन्ही पूल आपापल्या नटावर तिला धरून होते. बांधताना सळीचे दोन तुकडे झाले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. दिसायला फरक किरकोळ. पण वरच्या पुलाखालचा नट वेगळा काढून बघा. आधी त्याच्यावर फक्त वरच्या पुलाचा भार होता. आता खालचा पूल सळीला न लटकता वरच्या पुलालाच लटकतो, म्हणून त्या नटावर दोन्ही पुलांचा भार. नेमका दुप्पट. मूळ जोडणीही नियमाला लागणाऱ्या भाराच्या सुमारे ६० टक्केच पेलणारी होती असं चौकशीत दिसलं. १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. लागणारी आकृती पहिल्या सेमिस्टरची होती.

सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं ते बहुतेक वेळा एककांमुळे. ५० मिलिमीटर रुंद, १०० मिलिमीटर खोल, २ मीटर लांब बीम, दोन्ही टोकांना साधा आधार, मध्यावर ५ किलोन्यूटन. बेंडिंग मोमेंट २.५ किलोन्यूटन-मीटर. आय (छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणारा विरोध) म्हणजे ५० गुणिले १०० चा घन भागिले १२, सुमारे ४१.७ लाख मिलिमीटरचा चौथा घात. इथे बरेच जण मीटर करायला हजाराने भागतात. भागायचं असतं हजाराच्या चौथ्या घाताने. त्यापेक्षा स्ट्रेंथच्या (पदार्थ किती भार पेलतो या विषयाच्या) गणितात सरळ न्यूटन आणि मिलिमीटर धरा, स्ट्रेस (क्षेत्रफळामागे बल) आपोआप मेगापास्कलमध्ये येतो. मोमेंट २५ लाख न्यूटन-मिलिमीटर, कडेचं अंतर ५०, उत्तर ३० मेगापास्कल. साधं पोलाद २५० च्या आसपास यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जायला लागतं, तेव्हा ३० पटण्यासारखं आहे. ३०,००० आलं असतं तर पुढचं पान उलटायचं नाही, तिथेच थांबायचं. हाच बीम आडवा झोपवला तर स्ट्रेस ६० होतो, दुप्पट. उत्तर आल्यावर असा एखादा आकडा बदलून बघा. दिशा मनाला पटली नाही तर कुठेतरी घोळ आहे.

आकड्याला एकक न लावण्याची किंमत १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या एका बोइंग ७६७ ने मोजली. इंधनाचे लिटर वजनात बदलताना १.७७ हा गुणक वापरला गेला. तो लिटरमागे पाउंडाचा होता. विमानाला हिशेब हवा होता किलोग्रॅममध्ये, तिथे गुणक साधारण ०.८. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी भरलं गेलं आणि दोन्ही इंजिनं हवेतच बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगवत एका जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. तो १.७७ 'पाउंड प्रति लिटर' असा लिहिला असता तर गुणाकार करतानाच खटकला असता. म्हणून मधल्या ओळींतही एकक लिहायचं, फक्त शेवटी नाही. आणि कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे की रेडियनमध्ये, हे पेपरच्या आधी बघायचं. साइन ३० चं उत्तर ऋण ०.९८८ आलं तर तो रेडियनमध्ये आहे.

आता उत्तरपत्रिकेचा वापर. सोडवलेलं उत्तर वाचणं हा वेळ घालवण्याचा सगळ्यात सभ्य प्रकार आहे. ते बघू नका असं म्हणत नाही, कधी आणि कसं बघायचं ते ठरवा. आधी वीस मिनिटं स्वतः झटापट करा, आणि त्यात आकृती, दिलेले आकडे, शोधायचं काय आणि निदान एक समीकरण कागदावर आलंच पाहिजे. अडलात तर उत्तरातली फक्त पुढची एक ओळ बघा, बाकी झाका. सुटलं की कागद बाजूला ठेवून कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा. तीन-चार दिवसांनी आणखी एकदा. तेव्हाही अडकलात तर ते गणित येत नाही, कितीही ओळखीचं वाटत असलं तरी. असं दहा गणितांचं केलेलं काम चाळीस गणितं वाचण्यापेक्षा जड भरतं.

सोबत चुकांची एक वही ठेवा. चूक कुठली तेवढंच एका ओळीत: चिन्ह चुकलं, बल विसरलं, एकक, सूत्र चुकीच्या ठिकाणी लावलं, प्रश्न नीट वाचला नाही. महिन्याभरात दिसेल की वेंधळेपणा म्हणून सोडून दिलेल्या बहुतेक चुका दोन-तीनच प्रकारच्या आहेत. मग पेपरात शेवटची दहा मिनिटं नेमकं काय तपासायचं ते ठरलेलं असतं.

गणित विषयाबद्दल एकच सांगतो. डिफरन्शियल इक्वेशन्स सुटी शिकू नका. स्प्रिंग, डॅम्पर (हालचाल मंदावणारा भाग) आणि वस्तुमान यांचं समीकरण आणि कपॅसिटर, रेझिस्टर, इंडक्टर यांच्या सिरीज सर्किटचं समीकरण एकच आहे. वस्तुमानाच्या जागी इंडक्टन्स, डॅम्पिंगच्या जागी रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या कडकपणाच्या जागी कपॅसिटन्सचा व्यस्त. हे एकदा हाताने मांडून बघितलं की व्हायब्रेशन्स, सर्किट्स आणि पुढे कंट्रोल या तीन विषयांचा पाया एकदाच घालावा लागतो. उलट हा पाया कच्चा राहिला तर तिन्ही ठिकाणी पडझड होते. म्हणून बॅकलॉग असतील तर सोपा विषय आधी उरकण्यापेक्षा ज्याच्यावर पुढचे विषय उभे आहेत तो आधी काढा. (जाता जाता: १९४० मध्ये पडलेला टॅकोमा नॅरोज पूल बऱ्याच पुस्तकांत साध्या रेझोनन्सचं, म्हणजे बाहेरच्या ठोक्यांची लय पुलाच्या लयीशी जुळल्याचं, उदाहरण म्हणून येतो. तो तसा पडला नाही. पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्यातून ऊर्जा खेचत होती, त्याला फ्लटर म्हणतात. व्हायव्हात हा फरक सांगता आला तर परीक्षक सावरून बसतात.)

प्रॅक्टिकलकडे वळू, कारण लाल शेरे तिथले आहेत. समजा तारेचा यंग्ज मॉड्युलस (पदार्थाचा ताणले जाण्याला विरोध) काढायचा आहे. तार २ मीटर लांब, व्यास ०.५० मिलिमीटर. लांबी टेपने एका मिलिमीटरपर्यंत मोजली तर अनिश्चितता ०.०५ टक्के. व्यास मायक्रोमीटरने ०.०१ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे २ टक्के, आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग असल्याने ४ टक्के. म्हणजे लांबी दहा वेळा मोजून काहीही हाती लागत नाही. वेळ व्यासावर घालवा: तारेवर पाच ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी. त्याआधी मायक्रोमीटरचे जबडे रिकामे मिटून शून्य तपासा, आणि रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या मुठीने) फिरवा. शून्याची त्रुटी ०.०३ असताना ती वजा करायची राहिली तर व्यास ०.५३ धरला जातो आणि पोलादाच्या २०० गिगापास्कलच्या जागी १७८ येतात. रिपोर्टमध्ये मग 'मानवी चुकीमुळे फरक' असं लिहिलं जातं आणि त्यावर लाल रेघ पडते. पडायलाच हवी. कोणती चूक, कोणत्या दिशेने, किती टक्के, हे लिहा. 'शून्याची त्रुटी वजा न केल्याने व्यास ६ टक्के जास्त, म्हणून मॉड्युलस ११ टक्के कमी' हे वाक्य पूर्ण मार्कांचं आहे.

आलेखात रेषेचा चढ काढताना मोजलेले दोन बिंदू उचलू नका. रेषा काढल्यावर रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्या. रेषा ओढूनताणून मूळबिंदूतून नेऊ नका. नवी तार सुरुवातीच्या वजनांना आधी आपले बाक सरळ करते आणि मग ताणली जाते, त्यामुळे पहिले एक-दोन बिंदू रेषेवर न बसणं हेच खरं. वाचनं थेट जर्नलमध्ये पेनने लिहा, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवं. खोडरबराने पुसलेलं वाचन नंतर बरोबर निघालं तर ते परत आणता येत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स लॅबमधल्या अपघातांची यादी लांब नाही, पण ती दर वर्षी तशीच असते. मल्टिमीटरची लाल वायर करंटच्या भोकात राहते आणि कोणीतरी सप्लायचं व्होल्टेज मोजायला जातं. त्या क्षणी मीटर म्हणजे जवळजवळ साधी तार, आणि फ्यूज उडतो. दुसरं, ऑसिलोस्कोपची ग्राउंडची क्लिप. ती बहुतेक वेळा आतून अर्थिंगला जोडलेली असते. सर्किटमध्ये मध्येच कुठेतरी लावली की तो बिंदू जमिनीला शॉर्ट. दोन बिंदूंमधलं व्होल्टेज हवं असेल तर दोन चॅनेल वापरा आणि वजाबाकी करा. तिसरं, ब्रेडबोर्डच्या कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांवर मध्यभागी तुटलेल्या असतात. अर्ध्या सर्किटला सप्लायच नसतो आणि दोष आयसीला दिला जातो. एलईडीला ५ व्होल्टवर थेट जोडू नका. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेल्या ३ व्होल्टांना १५ मिलिअँपिअरसाठी २०० ओहम हवेत. बाजारातला जवळचा २२० घ्या, सुमारे १३.६ मिलिअँपिअर मिळतात. सर्किट चाललं नाही तर सुट्या वायरी हलवत बसण्याआधी सप्लाय, मग ग्राउंड, मग इनपुट, मग एकेक टप्पा, या क्रमाने मोजत जा.

प्रोग्रॅमिंगमध्ये एकदम ऐंशी ओळी लिहून कंपाइल करणं बंद करा. दहा ओळी, चालवणं, छापून बघणं, पुढच्या दहा. सी मध्ये फॅरनहाइटचं सेल्सिअस करणारा प्रोग्रॅम कायम शून्यच दाखवत असेल तर ५/९ बघा: दोन्ही पूर्णांक आहेत, म्हणून भागाकार शून्य. एक तरी ५.० करा. दशांश संख्या 'समान आहेत का' असं तपासू नका, फरक पुरेसा लहान आहे का ते बघा, कारण ०.१ ही संख्या बायनरीत नेमकी मावतच नाही. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धहरानला पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होतं. सुमारे १०० तास सतत चालू राहिल्यावर ०.१ बायनरीत बसवताना होणारी बारीक कापाकाप साठून ०.३४ सेकंदांवर पोचली, येणारं क्षेपणास्त्र चुकीच्या जागी शोधलं गेलं आणि २८ सैनिक मेले.

ड्रॉइंगबद्दल फार नाही: शीटवर प्रोजेक्शन (वस्तूची दृश्यं मांडायची पद्धत) फर्स्ट अँगल आहे की थर्ड, ते चिन्हासकट लिहा, नाहीतर वर्कशॉपमध्ये भोक उलट्या बाजूला पडतं.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये प्रत्येकाचा भाग वेगळा चालतो आणि जोडल्यावर सगळं बंद पडतं, हे धरूनच चला. पहिल्याच आठवड्यात एक पान लिहा: कोणत्या कनेक्टरवर कोणतं व्होल्टेज, कोणता सिग्नल, बोल्टाची भोकं कुठे आणि किती मिलिमीटरची. उपलब्ध वेळेचा शेवटचा एक तृतीयांश फक्त जोडणी आणि दुरुस्तीसाठी राखा.

वेळेचं म्हणाल तर एका तासाच्या लेक्चरमागे साधारण दोन तास स्वतःचे लागतात, आणि त्यातला पहिला त्याच दिवशी. त्या तासात नोट्स सुंदर करू नका. फळ्यावरचं उदाहरण कोऱ्या कागदावर न बघता सोडवा, जिथे अडाल तिथे खूण करा. शीट देण्याच्या आदल्या रात्री सात गणितं एकदम करण्यापेक्षा रोज दोन. परीक्षेआधीच्या तीन आठवड्यांत जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. तीन तासांत १०० मार्क असतील तर एका मार्काला १.८ मिनिटं मिळतात, म्हणजे १० मार्कांच्या गणिताला १८. विसाव्या मिनिटाला त्यावर अडकला असाल तर आकृती, समीकरणं आणि पुढे काय केलं असतं ते लिहून पुढे जा. बरेचसे मार्क तिथेच असतात.

अडलं की शिक्षकांकडे जा, पण 'सर, हे चॅप्टर समजलं नाही' म्हणून नको. त्यावर कोणाकडेच पाच मिनिटांचं उत्तर नसतं. आपला अर्धवट कागद घेऊन जा आणि बोट ठेवून विचारा: इथे मोमेंट पायाभोवती घेतला, भिंतीचा दाब ऋण आला, असं का?

ऋण आला असेल तर भिंतीच्या दाबाचा बाण तुम्ही भिंतीच्या आत जाणारा काढला आहे. भिंत शिडीला ढकलते, ओढत नाही.